सीडलेस द्राक्षं खाऊन मूल होत नाही म्हणे

आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. बिनबियांची द्राक्षं म्हणजे लॅबमध्ये जीन काढून टाकलेली फळं, जे फळ स्वतः वांझ ते खाणारीही वांझ, खरी द्राक्षं काळीच, हिरवी केमिकलने केलेली. एरवी डिलीट करून सोडलं असतं, पण लग्नाला तीन वर्षं झालेल्या वहिनीच्या हातातून द्राक्षांची वाटी काढून घेतली म्हटल्यावर डोकंच फिरलं.

आधी ते वांझ प्रकरण. आत्या, तू दर संकष्टीला केळी खातेस, केळ्यात कधी बी लागलीय दाताला? आणि तुला तीन पोरं आहेत. जीन पालकाच्या भाजीत असतात, भातात असतात, पोटात गेले की बाकी अन्नासारखेच पचतात, द्राक्षाचा जीन उठून गर्भाशयात जाऊन बसत नाही गं.

आता "जीन काढून टाकला". काढलेला काहीच नाही. 2018 साली 'प्लांट फिजिऑलॉजी' या शोधपत्रिकेत छापून आलंय, एजीएल11 नावाच्या जीनमध्ये एका ठिकाणी बदल झालाय, त्यामुळे त्याच्या प्रोटीनमधलं 197 नंबरचं एकच अमिनो आम्ल वेगळं येतं. बीचं टणक कवच बनायला हा जीन लागतो. कवच नीट होत नाही, बी धरते पण वाढ अर्ध्यावर थांबते. थॉमसन या बिनबियांच्या जातीचा मणी उभा कापून उजेडात धरा, मधे मऊ बारीक कण दिसतो, तीच ती राहिलेली बी. हा बदल निसर्गात आपोआप झालाय, लॅब वगैरे निघायच्या कितीतरी आधी, आणि माणसाने काय केलं तर त्या वेलाच्या काड्या लावत राहिला. आपल्याकडे आजही डॉगरिज नावाच्या दुसऱ्या द्राक्षवेलाच्या खुंटावर कलमच करतात. लांब मण्यांची सोनाका ही जातसुद्धा सोलापूरजवळ नान्नजला थॉमसनच्या बागेतच निघाली. बाय द वे, भारतात परवानगीने पिकणारं जीएम, म्हणजे लॅबमध्ये जीन बदललेलं पीक म्हणजे बीटी कापूस, द्राक्षं नाहीत.

हिरव्या रंगाचंही तेच, सालीत रंग भरणारे जीन बंद पडलेत. केमिकल कुठून आलं?

बरं, एक मान्य करतो. घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाच्या पाण्यात बुडवतात, मणी फुगायला. पण ते जिबरेलिन झाडात असतंच, एरवी बी ते पुरवते, इथे बीच अर्धवट राहते म्हणून बाहेरून द्यावं लागतं. फवारणीही भरपूर होते, तेव्हा नळाखाली नीट धुवा.

आणि ती वाटी वहिनीला परत द्या.