बुडालेली स्कूटर ‘अर्ध्या तासात’ चालू करून देणारा मेसेज

ठाण्यात वंदना एसटी स्टँडपाशी पाणी तुंबलं की सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो : ‘गाडी बुडाली? गॅरेजला पैसे घालू नका. किक मारून पाणी काढा, कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुवा, सुईने जेट साफ करा, सगळं घट्ट आवळा. अर्ध्या तासात गाडी चालू!’ घरी गाडी खोलायला माझी ना नाही, जरूर खोला. पण या कृतीने नको.

‘किक मारून पाणी काढा.’ सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना अडतो. किक बसत नाही म्हणून माणूस आणखी जोर लावतो, सेल्फ मारतो, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकायची वेळ येते. आधी चावी बंद करून स्पार्क प्लग काढा, मग किक हलकेच दाबा. पाणी प्लगच्या भोकातून बाहेर पडेल. तत्पूर्वी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचंच नाही. स्कूटरच्या मागच्या चाकापाशी गिअर ऑइल वेगळं असतं. मेसेजवाल्याला त्याचा पत्ताच नाही.

‘पेट्रोलने धुवा.’ कुठे? स्टिल्ट पार्किंगमध्ये, मीटर रूमच्या शेजारी? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीची वाट बघते. तेलकट सुटे भाग डिझेलने निघतात. कार्बोरेटरसाठी, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागासाठी, क्लीनर स्प्रे मिळतो, तोही उघड्यावर आणि रबराच्या ओ-रिंगा काढून ठेवूनच मारायचा. नाहीतर रबर फुगतं.

‘सुईने जेट साफ करा.’ जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. तो पितळेचा, मऊ. गाडी जागेवर चालू असताना पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. पोलादी सुईने ते कणभर वाढलं तरी पेट्रोल जास्त जातं आणि प्लग काळा पडत राहतो. स्प्रे आणि हवेचा दाब, बस्स. हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो अलगद आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवा, नाहीतर नंतर ट्यूनिंगला बसाल. तसंही 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बहुतेक नव्या स्कूटरांत कार्बोरेटर उरलेलाच नाही. तिथे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला जाणाऱ्या पाइपात पेट्रोल दाबाखाली असतं. तो उपटायला जाऊ नका.

‘सगळं घट्ट आवळा.’ हेड अॅल्युमिनियमचं, प्लगचे आटे लोखंडाचे. हरणार कोण, सांगायला नको. प्लग काढायचा तो इंजिन थंड असताना. बसवताना आधी बोटांनी फिरवायचा. तिरका गेला तर लगेच कळतं. नवा प्लग टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा, जुना असेल तर त्याहून बराच कमी.

कव्हरच्या बोल्टांचं तर मेसेजमध्ये नावच नाही. त्यांची लांबी सारखी नसते. आखूड भोकात लांब बोल्ट आवळला तर केसिंगला तडा जातो, उलट झालं तर दोन-तीनच आटे पकडतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. बसवताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जा.

गाडी सुरू झाली की चार-पाच मिनिटं जागेवरच चालवा, बंद करा, थोड्या वेळाने डिपस्टिक पुन्हा बघा. ऑइल परत दुधाळ दिसलं तर पुन्हा बदलायचं.