वरच्या मजल्यावरील टीव्हीवर सर्व्हर दिसत नाही, या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभारी आहोत. घरच्या संगणकावर (म्हणजे सर्व्हरवर) साठवलेले चित्रपट टीव्हीवर दाखवणारे जेलीफिन हे सॉफ्टवेअर फुकट असताना आम्ही ते बसवून देण्याचे पैसे आकारले, वरच्या मजल्यावरील टीव्हीच्या यादीतून सर्व्हर गायब झाला आणि काही चित्रपट अडखळत चालतात, अशा आपल्या तक्रारी आहेत. नाशिकमधील इतर मंडळीही हे वाचून निर्णय घेतात, म्हणून उत्तर येथेच देत आहोत.

पैशांचे आधी सांगतो. आमच्या बिलात जेलीफिनच्या नावापुढे शून्य रुपये लिहिलेले आहेत. रक्कम हार्डडिस्क, भिंतीतून ओढलेली कॅट-सिक्स ही नेटवर्कची केबल आणि मजुरी यांची आहे. एम्बी या अशाच सॉफ्टवेअरचा पुढील सोर्स कोड खुला राहणार नाही, हे डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट झाल्यावर त्याच्या खुल्या कोडवरून जेलीफिन वेगळे निघाले. आम्ही ते निवडतो याचे कारण साधे आहे. आपल्याकडे कॅसेटवरून उतरवून घेतलेले घरच्या लग्नांचे चित्रीकरण आहे, आणि ते पाहण्यासाठी कोणत्याही कंपनीचे खाते किंवा मासिक वर्गणी लागू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. इंटरनेट बंद असले, तरी घरातल्या घरात ते चालते.

आता सर्व्हर न दिसण्याविषयी. आपला अभिप्राय वाचून आमचा तंत्रज्ञ येऊन गेला, तेव्हा खालच्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१ ने, तर वरच्या टीव्हीचा १९२.१६८.० ने सुरू होत असल्याचे त्याने आपल्याला टीव्हीच्या पडद्यावरच दाखवले. आमचे काम झाल्यानंतर वर जो नवा राउटर लागला, त्याने स्वतःचे वेगळे नेटवर्क उभे केले आहे. टीव्हीची ही यादी डीएलएनए या, घरातील उपकरणांना आपसात जोडणाऱ्या पद्धतीवर चालते. तीत टीव्ही आणि सर्व्हर एकमेकांना शोधण्यासाठी २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर हाक देतात, आणि ही हाक घरगुती राउटर सहसा पलीकडे जाऊ देत नाही. त्यामुळे सर्व्हर सुरू असूनही टीव्हीच्या यादीत येत नाही. त्याच टीव्हीवर जेलीफिनचे अ‍ॅप उघडून सर्व्हरचा पत्ता आणि ८०९६ हा पोर्ट हाताने टाकताच लग्नाचे चित्रीकरण सुरू झाले, हे आपण पाहिलेच. नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे त्याने वेगळे नेटवर्क न करता खालचेच नेटवर्क वर पोहोचवले, की दोन्ही मजले एका नेटवर्कवर येतील. घरून ऑफिसचे काम सुरू असल्याने त्या वेळी सेटिंगला हात लावू नये, असे आपण म्हणालात, म्हणून ते राहिले.

अडखळण्याचे कारण निराळे आहे. लग्नाचे चित्रीकरण कुठेही थांबत नाही. थांबतात ते फोर-केचे मोठे चित्रपट, आणि तेही सबटायटल चालू असताना. टीव्हीला फाइल जशीच्या तशी पचत असेल, तर सर्व्हरला ती केवळ पोहोचवायची असते. सबटायटल चित्ररूपात असली आणि टीव्हीला ती दाखवता येत नसली, की सर्व्हरला ती प्रत्येक फ्रेमवर उमटवून संपूर्ण चित्रपट चालू असतानाच नव्याने एन्कोड करावा, म्हणजे दुसऱ्या रूपात बदलावा लागतो. आपला जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून वापरण्याचे आपण ठरवलेत तेव्हाच, फोर-के चित्रपटाचे असे रूपांतर त्याला झेपणार नाही, असे आम्ही कोटेशनमध्ये नमूद केले होते. तरीही नवा संगणक घ्यावा, असे आम्ही सुचवणार नाही. मजकूर स्वरूपातील एसआरटी सबटायटल जोडली, तर आपल्या टीव्हीवर हे चित्रपट सरळ चालायला हवेत, कारण सबटायटल बंद केल्यावर तोच चित्रपट विनाअडथळा चालला होता.

नवीन मालिकांसाठी ओटीटीची वर्गणी सोयीची आहे, हे आपले म्हणणे आम्हालाही मान्य आहे. मात्र घरचे चित्रीकरण तेथे मिळणार नाही.

राउटरची सेटिंग बदलताना इंटरनेट थोडा वेळ बंद राहील, म्हणून आपल्या सुट्टीचा दिवस कळवावा. या भेटीचे शुल्क लागणार नाही. नव्या राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र तेवढा हाताशी ठेवावा.