हळदीने हायपोक्लोराइटला हरवण्याची रीत

रूट कॅनालमधले (म्हणजे दाताच्या मुळातल्या पोकळीतले) जंतू नेहमीच्या हायपोक्लोराइटऐवजी, त्या ब्लीचसारख्या द्रावणाऐवजी, वनस्पतीच्या अर्काने मारायचं मनावर घेतलंय? छान. मग आधी दात बाजूला ठेवा, त्याची फार अडचण होते.

जंतू वाढवायची अगर प्लेट घ्या आणि तिच्यावर एन्टरोकॉकस फीकॅलिस या कॅनालमधल्या चिवट जंतूच्या ताज्या, सुट्या पेशी पसरा. बायोफिल्मच्या नादी लागू नका. चिकट आवरणात थर करून बसलेला जंतू सहजी दाद देत नाही. अर्क इथेनॉलमध्ये काढा, मग तो कडुनिंबाचा असो की प्रोपोलिसचा (मधमाश्यांच्या डिंकाचा), आणि त्यात भिजवलेली कागदी चकती प्लेटवर ठेवा. शेजारी नुसत्या इथेनॉलची चकती मात्र ठेवायची नाही. तिच्याभोवतीही जंतू न उगवलेलं स्वच्छ कडं उमटलं, तर कडुनिंबाने नेमकं काय केलं, असं एखादा खवचट विचारणारच.

तुलनेला हायपोक्लोराइट लागेल. त्याची बाटली उन्हात, बूच सैल ठेवून जुनी झालेली निवडा. त्यातला क्लोरीन घटलेला असतो. ते 0.5 टक्के होतं की 5.25, हे लिहायची गरज नाही.

पुढे कधीतरी दात घ्यावाच लागतो. इथे हायपोक्लोराइट एक आगाऊपणा करतं: कॅनाल खरवडायची फाईल पोचलीच नाही अशा कोपऱ्यातला, दोन कॅनालमधल्या चिरेतला कुजका पल्प, म्हणजे दाताचा मऊ गाभा, ते विरघळवतं. तुमचा अर्क त्याला नुसता भिजवतो. म्हणून पल्पचा विषय काढू नका. फाईलने भिंतीवर सारवलेला भुग्याचा थर, स्मिअर लेयर, तोही राहू द्या. तो काढणारं 17 टक्के ईडीटीए मिनिटभर फिरवलं तर दंतनलिकांची, भिंतीतल्या सूक्ष्म नळ्यांची, तोंडं उघडतील, आणि अर्क आत किती शिरतो ते दिसेल. कशाला?

हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पण दात पिवळा करायला तिला कुणाची मदत लागत नाही. लवंगतेल घेतलंत तर आणखी गंमत: त्यातलं युजेनॉल वर भरलेल्या कंपोझिटला, दाताच्या रंगाच्या सिमेंटला, नीट कडक होऊ देत नाही. (हायपोक्लोराइटने बिघडलेलं बाँडिंग, म्हणजे त्या भरण्याची दातावरची पकड, सुधारायला द्राक्षबियांचा अर्क खरोखर कामाचा दिसतो. पण असल्या किरकोळ कामाला मथळा कोण देणार!)

सुई कॅनालमध्ये घट्ट रुतवा आणि अंगठ्याने जोर लावा. 30 गेजची बारीक, बाजूला भोक असलेली सुई वर्किंग लेंथच्या (कॅनालच्या मोजलेल्या लांबीच्या) 2 मिमी अलीकडे सैल ठेवायची, हळूहळू ढकलायचं, सतत वर-खाली हलवायची, हा घाबरटांचा उद्योग. अर्क न गाळलेला, निर्जंतुक न केलेला असला तरी नैसर्गिक आहे ना? मग मुळाच्या टोकाबाहेर गेला तर हाडाला काय त्याचं!

नमुना लगेच घ्या, अर्क कॅनालमध्ये असतानाच. नमुना टिपायच्या कागदी काडीबरोबर, पेपर पॉइंटबरोबर, तो प्लेटवरही जाईल आणि तिथेही काही उगवू देणार नाही. आधी सलाईनने धुऊन, आठवडाभर दात बंद ठेवून मग नमुना घेणारे लोक असतात. त्यांच्या प्लेटवर काय उगवतं, ते बघायला जाऊ नका.