आधी लिटर ठरवा, मग पाईप टाका

दुधगंगा नदीवरच्या सुळकूडहून इचलकरंजी शहराला पाणी नेण्यावरून कागल तालुका आणि इचलकरंजी यांच्यात जे चाललंय, त्याच्या बातम्या श्टुटगार्टमध्ये बसून वाचताना एक गोष्ट खटकत राहते. मोर्चा, बंद, कृती समिती, सर्वपक्षीय बैठक हे सगळं बातमीत असतं. किती पाणी, कोणत्या महिन्यात, कुणाच्या खर्चानं, हे शोधावं लागतं. इचलकरंजीची वारणा योजना दानोळीत अडली, दुधगंगेची सुळकूडला अडली. आणखी एखादी नदी शोधली तरी तिथलं गाव रस्त्यावर येईलच, कारण त्या गावाच्या हातात द्यायला कुणाकडेच कराराचा कागद नाही.

हिशोब काही अवघड नाही. २०११ च्या जनगणनेत इचलकरंजी पावणेतीन लाखांच्या वर होती. तीन लाख धरा. माणशी रोज १३५ लिटर हा भुयारी गटार असलेल्या शहरांचा सरकारी निकष. म्हणजे रोज सुमारे चार कोटी लिटर, आणि १५ टक्के गळती धरून पावणेपाच कोटी. सेकंदाला ५५० लिटर. वर्षाला जेमतेम ०.६ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि दुधगंगेवरचं काळम्मावाडी धरण आहे सुमारे २५ टीएमसीचं. याच धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं नोव्हेंबर २०२३ मध्ये कोल्हापूर शहरात पोचलं. मग इचलकरंजीच्या ०.६ टीएमसीवर एवढा गदारोळ का?

कारण शेतकऱ्याची भीती वर्षाच्या सरासरीची नसते, एप्रिल-मेची असते. उसाचं आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) लांबलं की सरासरी काय चाटायची? शिवाय आज ०.६ म्हणणारं शहर वीस वर्षांनी किती म्हणेल, याची हमी कोण देणार? हा अविश्वास खुळा नाही.

श्टुटगार्ट शहराच्या पाण्याचा मोठा भाग शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या बोडन तलावातून येतो. १९५४ मध्ये १३ शहरा-गावांनी मिळून त्यासाठी एक संयुक्त संस्था काढली, १९५८ ला पाणी सुरू झालं. आज ती सुमारे ४० लाख लोकांना पाणी देते. तलावातून ६० मीटर खोलीवर पाणी उचलतात आणि तीनशे मीटर चढवतात. पण खरी करामत पंपांची नाही, कराराची आहे. प्रत्येक सभासदाचा कोटा लिटर प्रति सेकंदात लिहिलेला. स्थिर खर्च कोट्याप्रमाणे वाटायचा, वापराचा खर्च मीटरप्रमाणे. कोटा घेऊन पाणी उचललं नाही तरी स्थिर खर्च सुटत नाही, त्यामुळे उगाच फुगवून मागणी कुणी करत नाही. आणि सगळ्यांचा मिळून उपसा दिवसाला ६,७०,००० घनमीटरच्या वर जाऊ शकत नाही.

ही पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही, हेही सांगायला हवं. बोडन तलावातून पिण्यासाठी जेवढं पाणी उपसतात त्याहून जास्त वाफ होऊन जातं. दुधगंगेत तशी चैन नाही, शिवाय कर्नाटकाचा वाटा वेगळा. म्हणून इथल्या करारात तुटीचा तक्ता लागेल. कालव्याचं नियोजन तसंही १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होतं. त्याच तारखेचा साठा धरून लिहा: धरण भरलेलं असेल तर इचलकरंजीला सेकंदाला ५५० लिटर, अमुक टक्क्यांखाली गेलं तर ५००, त्याखाली ४५०, आणि त्याच ओळीत कोल्हापूरची कपात, कारखान्यांची कपात, आवर्तनांची संख्या. सगळ्यांची कपात एकाच कागदावर असली की वाद तक्त्यातल्या आकड्यांवर होईल, रस्त्यावर नाही.

मीटर शुद्धीकरण केंद्रात नको, जॅकवेललाच (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीलाच) हवा. नाहीतर मधल्या मधे फुटलेलं नि वळवलेलं पाणी दिसतच नाही. विद्युतचुंबकीय मीटरच्या आधी पाईपच्या व्यासाच्या निदान पाचपट सरळ लांबी लागते आणि पाईप पूर्ण भरून वाहावा लागतो. वाकणाला चिकटून मीटर बसवला की आकडा भरकटतो, आणि मग दोन्हीकडचे आपापला आकडा खरा म्हणतात. सीलच्या दोन किल्ल्या, एक महापालिकेकडे, दुसरी नदीकाठच्या गावांकडे.

पंचगंगेवर इचलकरंजीच्या खाली असलेल्या शिरोळ तालुक्याचं काय? पुरवलेल्या पाण्याचं ८० टक्के सांडपाणी होतं. चार कोटी लिटर घेतलं तर सव्वातीन कोटी लिटर गटारातून बाहेर, आणि प्रक्रिया झाली नाही तर पंचगंगेतून थेट खालच्या गावांच्या दारात. पाणी देणार कागल, सोसणार शिरोळ, आणि दोघांनाही इचलकरंजीत मत नाही. कोट्याला सांडपाण्याची अट बांधली पाहिजे: प्रक्रिया केंद्र बंद पडलं की वाढीव पाणी थांबलं. बोडन तलावाभोवती जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांचा आयोग १९५९ पासून आहे. १९८० च्या सुमारास तलावात लिटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेलेला फॉस्फरस आज १० च्या खाली आहे. (आता मच्छीमार म्हणतात पाणी इतकं स्वच्छ झालं की माशांना खायला काही उरलं नाही. एका जातीच्या मासेमारीवर २०२४ पासून बंदीही आहे. तक्रार तिथेही संपत नाही.)

कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीचं दुखणं याच जातीचं. महापालिका १९७२ ची, हद्द तेव्हापासून तीच. गावांना घरफाळ्याची आणि जमिनीवरच्या आरक्षणाची धास्ती, शहराचं म्हणणं केएमटी (शहर बससेवा) आणि पाणी आमचं वापरता. २०१७ मध्ये ४२ गावांचं प्राधिकरण झालं, पण गावांनी निवडून दिलेली सभा त्यात नाही. श्टुटगार्टभोवतीच्या १७९ नगरपालिका-गावांनी आपापले महापौर ठेवले आणि १९९४ पासून वर एक थेट निवडलेली प्रादेशिक सभा बसवली. तिच्याकडे मोजकी कामं: जमिनीचा प्रादेशिक आराखडा, लोकल रेल्वे, आणखी थोडं. सभेची इच्छा म्हणजे शेवटचा शब्द असंही नाही. २०२२ मध्ये डेटिंगन गावानं मतदान घेऊन औद्योगिक क्षेत्राला नकार दिला, आणि तो विषय तिथेच थांबला.

आपल्याकडे कायदा नाही ही सबब खरी नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीतलं २४३ झेडडी कलम जिल्हा नियोजन समितीला हेच काम देतं: पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक बाबी, त्यात पाण्याची वाटणीही शब्दशः आहे. किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्यांतून, शहरी-ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात. पण समिती बसते ती वार्षिक निधी वाटायला. आणि कोल्हापूर महापालिकेत तर नोव्हेंबर २०२० पासून वर्षानुवर्षे प्रशासकच होता. शहराच्या वतीनं करारावर सही करायला लोकांचा माणूसच नव्हता.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर रस्त्यांच्या यादीआधी दुधगंगेचा तुटीचा तक्ता ठेवा. पाटबंधारे खात्याकडे साठ्याच्या नोंदी आहेत, महापालिकांकडे मागणीचे आकडे आहेत. मसुद्याला एक महिना पुरतो. भांडण त्या मसुद्यावर होऊ दे.