काई, कंई आणि काही

आमच्या घरात शेवाळ या विषयावर तीस वर्षं एकमत होतं. गच्चीवरच्या टाकीत झालं तर ब्लीचिंग, मोरीत झालं तर तारेची घासणी, आणि पावसाळ्यात मागच्या पायऱ्यांवर झालं की आईचं ठरलेलं वाक्य, "कुणीतरी पडल्याशिवाय काही तुम्ही घासणार नाही." अशा घरात मी एका रात्री जेवताना सांगितलं की मला शेवाळासाठी दिवा घ्यायचाय.

"मारायला?" आईने विचारलं.

"वाढवायला."

बायकोने आमटीचं पातेलं माझ्यापासून जरा लांब सरकवलं.

यात माझा दोष नाही, गोल्डफिशांचा आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तीन फुटांची काचेची टाकी चार माशांसकट बैठकीत ठेवून गेला. मासे इंदूरचेच, त्यामुळे खाण्याच्या बाबतीत नेम असा नाही. टाकीसमोरून कुणीही गेलं की काचेला तोंडं लावतात. आपण आत्ताच जेवलोय हे त्यांच्या लक्षात राहत नाही, आणि त्यांना आधीच कुणीतरी घातलंय हे आईच्या. खाल्ल्यावर मासे जे करतात त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. तिथे गाडी थांबते. नायट्रेट पाण्यात साचत राहतं, त्यावर शेवाळ पोसतं आणि काच अशी हिरवी होते की मासे आहेत हे विश्वासावर धरावं लागतं.

उपाय एकच, पाणी बदलणे. दर आठवड्याला चाळीस लिटर. आता आमच्याकडे नळाला नर्मदा येते, तीही एक दिवसाआड. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी चढ चढवून आणलेलं पाणी मी बादल्या भरभरून मोरीत ओततोय हे पाहिलं की आई "नर्मदे हर" म्हणते. पण ज्या सुरात म्हणते त्याला भक्ती म्हणता येत नाही.

तेव्हा कुठे मला शेवाळाच्या जाळीचा शोध लागला. म्हणजे मला लागला एवढंच, मूळ शोध वॉल्टर एडी यांचा. हे स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ. प्रवाळांच्या खडकांवर वाढणारं आखूड शेवाळ पाणी कसं स्वच्छ ठेवतं ते त्यांनी पाहिलं आणि १९८२ साली त्याचं पेटंटही घेतलं. कल्पना साधी आहे. एक खरखरीत जाळी उभी टांगायची, वरून पंपाने टाकीचं पाणी तिच्यावर पातळ पडद्यासारखं सोडायचं आणि समोर दिवा लावायचा. शेवाळाला तिथे टाकीपेक्षा जास्त उजेड, जास्त हवा, जास्त वाहतं पाणी. ते तिथेच वाढतं, नायट्रेट, फॉस्फेट खाऊन टाकतं आणि काचेवरच्या शेवाळाला उपास घडतो. आठवड्याला जाळी खरवडायची, की खाल्लेलं सगळं घराबाहेर. गल्लीतल्या टग्याला गणेश मंडळाचा अध्यक्ष करतात, त्यातलाच प्रकार.

जाळी मिळाली कशिद्याच्या सामानाच्या दुकानात. प्लास्टिकचा जाळीदार कॅनव्हास, सहा इंच बाय सहा इंच. दुकानातल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "सूनबाईंसाठी का? लोकर कुठल्या रंगाची देऊ?" मी घरी येऊन जाळीला करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी ओरबाडलं, कारण गुळगुळीत जाळीवर शेवाळ पाय रोवत नाही. रुंदीच्या दर इंचाला ताशी सव्वाशे-दीडशे लिटर पाणी हवं, म्हणून आठशे लिटरचा पंप. पाइपला लांबट चीर. हे सगळं एका रविवारी झालं. दिव्याला तीन महिने लागले.

माणूस दिवा घेताना उजेड बघतो. इथेच तो फसतो. खोक्यावर जे ल्युमेन छापलेले असतात ते माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त दिसतो तो ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पिवळट हिरवा उजेड. शेवाळाला नेमकी त्याचीच फारशी गोडी नाही. हरितद्रव्याला हवा लाल, ६६० नॅनोमीटरच्या जवळचा, आणि थोडा निळा. म्हणजे जो दिवा आपल्याला छान वाटतो तो शेवाळाला सपक. सासूला पसंत पडलेली साडी सुनेला आवडावी ही अपेक्षा जितकी रास्त, तितकीच ही.

पहिला दिवा ऑनलाइन मागवला. खोक्यावर '१००० वॅट'. आला तो शाळेच्या पाटीएवढा. प्लगमध्ये लावायच्या छोट्या मीटरवर तपासला तर वीज खात होता ९८ वॅट. लग्नाच्या बायोडेटातला पगार हातात किती पडतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं नवल वाटणार नाही. पण ९८ वॅटसुद्धा माझ्या सहा इंची जाळीला डोक्यावरून पाणी. बटण दाबलं आणि आमची बैठक जांभळी झाली.

जांभळी म्हणजे कशी, ते सांगायला हवं. अनंत चतुर्दशीला इंदुरात कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाई केलेले फिरते देखावे, निघतात. गिरण्या कधीच बंद पडल्या, पण कामगारांनी झांक्या सोडलेल्या नाहीत. रात्रभर अख्खं शहर रस्त्यावर असतं. तर तिसऱ्या दिवशी समोरचे काका फाटकापाशी येऊन म्हणाले, "काय हो, यंदा कुठल्या मिलची झांकी तुमच्याकडे उभी राहिली आहे?" वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी सौम्यपणे विचारलं की मुलाचं लग्न ठरलं का. दूधवाल्याने काहीच विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तो दूध फाटकावरच ठेवायला लागला.

हेही चाललं असतं. घात केला पोह्यांनी.

रविवारी सकाळी मी बशी घेऊन टाकीसमोर बसलो, तर पोह्यांवरची कोथिंबीर काळी. मी बायकोला म्हटलं, कोथिंबीर जुनी आहे. ती म्हणाली, आत्ता ताजी आणलीय. बशी ओट्यापाशी नेली तर हिरवीगार, बैठकीत आणली तर कोळसा. कारण सरळ आहे: पान हिरवं दिसतं कारण ते हिरवा उजेड परत पाठवतं, दिव्यात हिरवा नसेलच तर पाठवणार काय? मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. आई शांतपणे म्हणाली, "ज्या घरात पोह्यांवर काळी कोथिंबीर दिसते तिथे मी जिरावण वाढणार नाही." जिरावण म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, आणि या शहरात यापुढची शिक्षा नाही.

शिवाय ज्याच्यासाठी हे सगळं, तेही रुसलं. इतक्या जवळून इतका उजेड पडल्यावर जाळीवर हिरव्याऐवजी पिवळा, रबरासारखा थर आला. शेवाळाचंही जेवणाचं एक मान असतं; खाणं मोजकं आणि ऊन बेसुमार असलं की ते फिकट पडतं. पुण्याहून मुलाने फोनवर सल्ला दिला, "बाबा, लाइट लांब ठेवून बघा." लांब म्हणजे कुठे, तर बैठकीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे देवघरावर. तो विषय तिथेच मिटला.

मग मी महाराणी रोड गाठला. विजेच्या सामानाचा हा आमचा बाजार. इथे दुकानदार गिऱ्हाइकाला आधी निरखतो, मग भाव सांगतो. पहिल्याच दुकानात गल्ल्यावर एक म्हातारे मालवी शेठ होते.

"ग्रो लाइट? कंई उगाणो हे, भिया?"

"काई," मी म्हटलं. हिंदीत शेवाळाला काई म्हणतात.

"योज तो पूछी रियो हूं. कंई?"

"हां, काई."

"अरे, पण कंई?"

मालवीत 'कंई' म्हणजे काय. ते मला विचारतायत काय, मी सांगतोय काई, आणि माझ्यातला मराठी माणूस वैतागून म्हणाला, "काही नाही." शेठ खूश झाले. ज्याला काहीच उगवायचं नाही त्याला काहीही विकता येतं. त्यांनी लगेच लालभडक पट्टी काढली आणि लावून दाखवली. डोळे दिपले. मी विचारलं, हा ६६०चा आहे का? आतला पोरगा म्हणाला, ६३०चा. मग ६६०चा दाखव म्हटल्यावर त्याने फडताळातून धूळ झटकून एक एलईडी चिप काढली. दुप्पट किमतीची, आणि पेटवली तर मलूल. शेठ कळवळून म्हणाले, हा कशाला घेता, याच्यात जान नाही.

जान आहे हो, आपल्याला दिसत नाही एवढंच. ६६० म्हणजे डोळ्याच्या हद्दीचं टोक. तिथला उजेड तेवढाच असला तरी आपल्याला मंद भासतो. दिसायला मंद आणि भावाला चढा, असा जावई आमच्या नात्यात एक आहे, त्यामुळे मला सवय होती.

सहा चिपा ६६०च्या, एक निळी ४५०ची, मागे ॲल्युमिनियमची जाड पट्टी, मधे उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट. पोराने अर्ध्या तासात सगळं जोडून दिलं. एकेक चिप तीन वॅटची म्हणून विकली होती, म्हणजे कागदावर २१. मीटरवर भरले १४. बायोडेटाची परंपरा इथेही होती, पण तपशील बरा होता. दिवसाला अठरा तास टायमरवर लावला तरी महिन्याला साडेसात युनिटं होतात, हे मी घरी तोंडी हिशेबाने सिद्ध केलं. उरलेले सहा तास अंधार. विश्रांती शेवाळालाही लागते.

आईचा एकच प्रश्न होता, शॉक लागेल का. तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा प्रश्न होता, म्हणून मी बोर्डात विजेची गळती तीस मिलिअँपिअर झाली की तुटणारा ब्रेकर बसवून घेतला आणि वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ खाऊन मग वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब सॉकेटात न शिरता झोळापाशी खाली पडतो. झांकीचा प्रश्न नमकीनच्या पाच किलोच्या डब्याने सोडवला. डबा आडवा केला, जाळी आणि दिवा आत घातला, पुढे झाकण. आतून चकचकीत असल्याने उजेड वाया जात नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की माशांना शेव घालतात.

पहिला आठवडा तपकिरी चिकटा. दुसऱ्या आठवड्यात कडेला हिरवी लव. तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं तर जाळीवर बोटभर लांब, दाट, हिरवेगार केस. मी बायकोला हाक मारली. तिने वाकून पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि बोलली काहीच नाही. टाकीची काच आता पंधरा दिवसांनी पुसली तरी चालते. नायट्रेटच्या चाचणीच्या नळीतला लाल रंग नारिंगीवर आला, म्हणजे नायट्रेट उतरलं, आणि बादल्या निम्म्या झाल्यापासून आईची नर्मदाही थोडी भक्तीकडे झुकलीय.

जाळी मी स्वयंपाकघरातल्या उलथण्याने खरवडली. हे उघडकीला आल्यावर ते उलथणं मला कायमचं मिळालं. पिळून तराजूवर ठेवलं तर शेवाळ भरलं नव्वद ग्रॅम. आता हे टाकायचं कुठे? स्वच्छतेत सतत पहिल्या आलेल्या शहरात कचऱ्याचा डबा चुकणं म्हणजे चारित्र्याचा प्रश्न. सकाळी गाणं वाजवत गाडी आली तेव्हा मी पिशवी उघडून दाखवली. गाडीवरच्या ताईंनी विचारलं, "ये क्या है, भैया?"

"काई," मी जरा घाबरतच म्हटलं.

"तो गीले में डालो ना."

तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणाला एका शब्दात समजलं.

ओला कचरा आमच्याकडे देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. फेब्रुवारी २०२२मध्ये तो सुरू झाला. तेव्हा दिवसाला ५५० टन ओला कचरा रिचवायची त्याची ताकद होती, आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या चालतात. हे मी घरी जरा जास्तच वेळा सांगितलं असावं. परवा मी आणि बायको राजवाड्याहून परत यायला थांब्यावर उभे होतो. सिटी बस आली, मी हात केला, आणि ती थांबल्यासारखी करून भरधाव पुढे निघून गेली.

"तुमचीच ना?" बायको म्हणाली. "दर आठवड्याला नव्वद ग्रॅम घालताय. ओळखसुद्धा दिली नाही मेलीने."