तिळगूळ नको म्हटलं की नको!

काल चौथं हळदीकुंकू झालं आणि आता माझं डोकं फिरलंय. रथसप्तमीपर्यंत अजून किती घरं बाकी आहेत, ते मोजायचीसुद्धा इच्छा नाही. लोकांना वाटतं संक्रांत म्हणजे एक दिवस. बायकांना विचारा! 2025 मध्ये रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती, म्हणजे 14 जानेवारीपासून पुरे तीन आठवडे रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात जायचं आणि हातावर पडेल ते गोड तोंडात टाकायचं. टाकलं नाही तर तुम्ही शिष्ट.

डिसेंबरात माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, 6.3 आलं. 6.5 ला डायबिटीस म्हणतात, म्हणजे मी अगदी काठावर उभी आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, तीन महिने गोड बंद, रोज चालायचं, मग परत रक्त तपासू. मी करतेय ते. चहा बिनसाखरेचा झाला, रात्रीचा भात गेला, सकाळी साडेपाचला उठून मैदानाला फेऱ्या मारते. हे सगळं जमलं. जमत नाही ते एकच, दहा बायकांसमोर "नको" म्हणणं. म्हणजे मी म्हणते, पण ते कोणाच्या कानातच शिरत नाही.

काल काय झालं सांगते. हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, वाण दिलं, आणि मग ताटातली वडी पुढे आली. मी म्हटलं, "काकू, मला गोड बंद आहे, पुडी करून द्या, घरी देते." काकू म्हणाल्या, "अगं गूळच तर आहे, साखर थोडीच आहे!" मी परत नको म्हटलं. तर त्यांनी डाव्या हाताने माझी हनुवटी धरली आणि उजव्या हाताने वडी सरळ तोंडात घातली. चाळीस वर्षांच्या बाईच्या तोंडात! सगळ्या हसल्या. मला ती थुंकताही येईना आणि गिळवेना. शेवटी गिळली. घरी येईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं.

आणि "गूळच तर आहे" हे वाक्य तर मला आता ऐकवत नाही. गूळ म्हणजेही बहुतेक साखरच, रंग वेगळा म्हणून रक्तात जाऊन वेगळं वागत नाही ती. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, म्हणजे साधारण सहा चमचे. वडीत तिळाच्या वाटीला वाटीभर गूळ पडतो. दोन-तीन वड्यांत दिवस संपला! वर काटेरी हलवा, तो तर तापल्या परातीत थेंबथेंब पाक घालत वाढवलेली निव्वळ साखर. ऑफिसात कोणी चॉकलेटची तिळवडी आणते, कोणी गुळपोळी, आणि गुळपोळी म्हटली की तूप आलंच.

"एकाने काय होतंय?" काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या बाबांना डायबिटीस होता, त्यांनाही सगळे असंच म्हणायचे. प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नात, "आजच्या दिवस चालतं हो." त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा कापावा लागला. रोज संध्याकाळी ड्रेसिंग मी करायचे. आग्रह करणाऱ्यांपैकी एकजण तरी तेव्हा बोळा धरायला आला होता का?

सगळ्यात जास्त राग याचा येतो की आपला हा सण मुळात असा नाहीच. आदल्या दिवशीची भोगी बघा. वांगी, गाजर, पावटे, ओले हरभरे घातलेली मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी. सुगडात काय असतं? बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या. शेतात जे पिकलंय तेच. पण भोगीच्या भाजीचा आग्रह करताना मी आजवर कोणाला पाहिलं नाही! हनुवटी धरून कोणी मला गाजर भरवलं नाही. परवा भाचीचं बोरन्हाण झालं, त्यात बोरं मूठभर आणि रंगीत गोळ्या, टॉफ्या, चॉकलेटं पसाभर. पोरं जमिनीवर पडून गोळ्या वेचत होती, बोरं पायाखाली चिरडली जात होती. मी वाकून चार बोरं उचलली, धुतली आणि खाल्ली, तर नणंद म्हणते, "वहिनी, तुमचं डाएटचं फॅड अजून सुरूच आहे का?"

फॅड! रिपोर्ट कपाटात आहे, हवा तर बघा.

"तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणता ना? मग नको म्हणणारीशी गोड बोला की! "बरं, नको तर नको, ही घे चार बोरं" एवढं म्हणायला काय लागतं? मी हळदीकुंकवाला प्रेमाने येते, तुम्हाला भेटायला येते. मला वाण द्या, हरभऱ्याचे घाटे द्या, दहा मिनिटं शेजारी बसा. वडीची पुडी बांधून दिलीत तर ती मी खुशाल मुलांना देईन.

शुक्रवारी पाचवं आहे, तिसऱ्या मजल्यावर. जाणार आहे मी. आणि कोणी माझ्या तोंडाजवळ वडी आणली, तर हात धरीन आणि ती सगळ्यांसमोर ताटात परत ठेवीन. मग खुशाल शिष्ट म्हणा.