‘अनुभवी मावशी नर्सपेक्षा बरी’? एका फॉरवर्डला उत्तर

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून येऊन पडतो. सारांश असा: घरच्या आजारी माणसासाठी नर्स ठेवताना शिक्षण विचारू नका, अनुभवी मावशी सरस; नर्स पुरवणारा ब्यूरो कागद तपासतोच; शेजाऱ्यांची शिफारस असली की झालं; आणि नर्स प्रॅक्टिशनर (काही देशांत स्वतः तपासून औषधं लिहून देणारी, जादा शिकलेली नर्स) मिळाली तर डॉक्टरही नको. खाली अंगठ्यांची रांग.

अनुभवाचं आधी. अंघोळ, भरवणं, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलणं हे सगळं मावशी उत्तम करतात; त्यासाठी नर्सचे पैसे मोजायची गरजच नाही. घोडं अडतं ते सुईपाशी. इन्सुलिनच घ्या. आपल्याकडे बाटलीतलं बहुधा मिलीला ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत (म्हणजे अर्धा मिली) ओढलं, तर आजोबांच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर धाडकन उतरते, आजोबा घामाघूम होतात आणि घरचे म्हणतात, आज उकडतंय फार. दहा वर्षं सुई टोचलेल्या हाताला हे आपोआप कळत नाही, कुणीतरी शिकवावं लागतं.

ब्यूरो तपासतो? काही तपासतात. काही नुसता पांढरा कोट चढवून पाठवतात आणि आपणही ‘सिस्टर’ म्हणून मोकळे होतो. नर्सिंगचे अभ्यासक्रम असे: एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. सहा महिन्यांच्या ‘पेशंट केअर’ सर्टिफिकेटवर कुणी नर्स होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, मुदत बघा (दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं), फोटो ताडून बघा. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणाले तर इंजेक्शनही नंतरच.

शिफारशीवरून बाई वेळेवर येते का, वागायला कशी, एवढं कळतं. शेजारच्या काकूंचा पाय मोडला होता. तुमच्या वडिलांना रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, भरवायची नळी) आहे. ट्यूब पोटातच आहे ना, हे फीडआधी तपासायचं तिला जमतं का, ते काकू काय सांगणार?

राहिली नर्स प्रॅक्टिशनर. परदेशातल्या नातेवाइकांकडून ऐकलेलं इथे चिकटवू नका. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तो आयसीयूसाठी. दुसरं प्रशिक्षण बाळंतपणासाठी. घरी येऊन स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक सुरू करायला यांतलं एकही नाही.

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शन द्यायला नकार देणाऱ्या एका सिस्टरबद्दल ‘नखरे फार’ अशी तक्रार परवा याच ग्रुपवर आली. तिचा नंबर कुणाकडे असेल तर मला द्या.